इंद्रदेव आणि बिल्ल्यांची पाटी

इंद्रदेव महादू मॉरिशसमध्ये पोर्ट लुईच्या बंदरावरच्या गॅस डेपोत लागला ते साल एकाहत्तरचं. त्याआधी तो उत्तरेकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होता. ऊस संपला की कारखाना थंड व्हायचा आणि मग बॉयलरच्या पोटात शिरून खरवडायचं काम चालायचं. आग आणि दाब यांच्याशी कसं वागायचं हे तो तिथे शिकला. पण अनुसयाशी लग्न झालं, मोठी गंगा झाली, तिच्या पाठीवर इंद्राणी झाली, आणि बारमाही नोकरी पाहिजे असं सासऱ्याचं म्हणणं पडलं. डेपोवाले दाबाच्या टाक्यांची सवय असलेला माणूस शोधत होतेच. आपल्या लॉंग माउंटन गावाहून सकाळची बस पकडून इंद्रदेव गेला आणि संध्याकाळी नोकरी घेऊन परत आला.

महादू हे त्याच्या पणज्याच्या बापाचं नाव. पणजा कोकणातून जहाजाने आला तेव्हा धक्क्यावरच्या कारकुनाने आडनाव विचारलं. आडनाव म्हणजे काय हे न कळल्यामुळे त्याने बापाचं नाव सांगितलं. तेव्हापासून घराण्यातले सगळे महादू.

डेपो तसा लहानच. जेट्टीला बोट लागली की पातळ झालेला गॅस जाड पाइपातून दाबाखाली आत यायचा आणि तीन लांबोळक्या पांढऱ्या टाक्यांत भरला जायचा. टाक्यांपासून एक पाइप सिलिंडर भरायच्या शेडकडे जायचा. दुसरा पाइप भिंतीखालून, रस्त्याखालून पलीकडच्या कापड रंगवायच्या कारखान्यात जायचा. या सगळ्यावर जागोजाग झडपा, दाब मोजायची घड्याळं, पंप, रबरी नळ्या. आणि दाब हाताबाहेर गेला तर आपोआप उघडून गॅस उंचावर सोडणाऱ्या सेफ्टी झडपा. शिवाय आग विझवायच्या पाण्याची वेगळी लाइन. यातली प्रत्येक वस्तू ठरावीक काळाने तपासायची, ठोकून पाहायची, साबणाचं पाणी लावून फेस येतो का बघायचं, हे इंद्रदेवचं काम.

पहिल्याच वर्षी त्याने एक पाटी केली. लाकडाची मोठी पाटी, तिच्यावर बारा महिन्यांच्या बारा ओळी आणि ओळींवर खिळे. डेपोतल्या प्रत्येक वस्तूसाठी त्याने पत्र्याचा एकेक बिल्ला कापला, त्यावर नंबर रंगवला आणि तो खिळ्याला अडकवला. वस्तू तपासून झाली की बिल्ला उलटा करायचा. वर्षाअखेर सगळे बिल्ले उलटे झालेले असायचे, आणि नव्या वर्षी पहिल्या नंबरापासून पुन्हा सुरुवात. टाकी असो की पाण्याचा नळ, वर्षातून एक पाळी. ना जास्त, ना कमी.

ही सारखेपणाची आवड त्याला आईकडून आली होती. सहा भावंडं, आणि आईच्या हाताला असा अंदाज की तिने मोडलेल्या भाकरीचे तुकडे तराजूत घातले तरी फरक निघाला नसता. तिच्या घरात जेवणावरून कोणी रुसून उठलं नाही. इंद्रदेवने तेच आयुष्यभर पाळलं. गावच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीची, झाडलोटीची, मुलांच्या मराठी वर्गाला चहा करण्याची पाळी तोच लावायचा, आणि त्याने लावलेल्या पाळीबद्दल कधी कोणी कुरकुर केली नाही. रविवारी तो आळीपाळीने भावाबहिणींकडे जायचा. एकदा एका भावाकडे बारसं निघालं म्हणून क्रम चुकला, तर पुढचा महिनाभर तो अस्वस्थ होता.

पंचाहत्तरच्या मोठ्या वादळात अर्ध्या बेटाची छपरं उडाली. डेपोच्या शेडचा पत्रा बंदरात जाऊन पडला, पण टाक्या आणि पाइप जागचे हलले नाहीत. मॅनेजर मिस्ये रिवाल याने सगळ्यांसमोर इंद्रदेवच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर पाटी जणू डेपोचीच झाली. बाहेरचे पाहुणे आले की रिवाल त्यांना आधी पाटी दाखवायचा.

एक्याऐंशी साली ऊसतोडीच्या दिवसांत ती सकाळ आली. इंद्रदेव आग विझवायच्या पाण्याच्या पंपाशी बसला होता. त्या आठवड्यात पंपाची पाळी होती आणि तो निवांतपणे त्याचं तेल बदलत होता. डेपोच्या भिंतीबाहेर, रस्त्याकडेच्या गटाराशी मादाम रोझलीन नावाची बाई रोज स्टोव्ह मांडून गातो-पिमा तळायची. गातो-पिमा म्हणजे वाटल्या डाळीची मिरची घातलेली भजी. डेपोतला प्रत्येक माणूस तिचं गिऱ्हाईक. त्या दिवशी ती फाटकाशी आली आणि तिने नेहमीच्या आवाजात हाक मारली.

“इंद्रदेव, मो पे सांती गाझ.” गॅसचा वास येतोय, एवढंच.

“तुझा स्टोव्ह?”

“विझवला. ओलं पोतं टाकलं वर. भजी फुकट गेली.”

इंद्रदेव उठला आणि भिंतीच्या आतून चालत वासाच्या दिशेने गेला. रंग कारखान्याकडे जाणारा पाइप भिंतीखाली शिरायच्या अगोदर त्यावर एक छोटी झडप होती. पाइपातलं साचलेलं पाणी काढायला ती बसवलेली. तिच्या जोडावर पांढरं काहीतरी जमलं होतं. जवळ गेल्यावर त्याला दिसलं, ते हिव होतं. पातळ गॅस बाहेर पडताना भोवतालची हवा इतकी गार करतो की दमट हवेतलं पाणी गोठून पाइपावर बसतं. त्या उकाड्यात, त्या बेटावर, जिथे आभाळातून कधी बर्फ पडला नाही तिथे मूठभर हिव चमकत होतं. गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, पाण्यासारखा उताराने वाहतो. इथला उतार सरळ भिंतीखालच्या मोरीतून गटाराकडे होता, आणि गटाराशी आतापर्यंत एक पेटता स्टोव्ह होता.

त्याने टाकीकडची झडप बंद केली, शेडमधली वीज तोडायला लावली, जयदेव नावाच्या जोडीदाराला रस्त्यावर उभं करून गाड्या थांबवल्या आणि पाण्याचे फवारे सोडले. दुपारपर्यंत वास गेला. कोणाला काही झालं नाही. जोडातलं गास्केट कुजलं होतं; नवं बसवायला फार वेळ लागला नाही. रोझलीनने नवं पीठ भिजवलं आणि दुपारी पुन्हा स्टोव्ह मांडला, मात्र त्या दिवसापुरता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला.

इंद्रदेव पाटीसमोर जाऊन उभा राहिला. त्या झडपेचा बिल्ला नोव्हेंबरच्या ओळीत होता. तिची पाळी यायला अजून दोन महिने होते. त्याने कुठेही कामचुकारपणा केला नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

डेपोच्या मालकांनी सुरक्षेसाठी एक इंजिनिअर नेमायचं ठरवलं. पुढच्या वर्षी निर्मला आली. बेटाच्या दक्षिणेकडच्या सुरिनाम गावची मुलगी, बाप मासेमारी करायचा आणि थोडी भाजी पिकवायचा. हुशार म्हणून शिष्यवृत्ती मिळाली, पुण्याला जाऊन शिकली, वर दोन वर्षं तिकडच्याच एका रसायनांच्या कारखान्यात काम केलं. डेपोत सगळे बेटावरची क्रेओल बोली बोलायचे, पण इंद्रदेव मराठी म्हटल्यावर ती त्याच्याशी मराठीत बोलायला लागली.

“काका, आपल्याला वेळ असेल तेव्हा मला हा परिसर दाखवाल का?”

इंद्रदेव जरा गोंधळला. रेडिओवर मराठी कार्यक्रमात बाई बोलते तसं हे बोलणं.

“दाखवतो की, बाय,” तो म्हणाला. “पन असं पुस्तकावानी बोलू नको. मला वाटतंय माझी परीक्षा हाय.”

ती हसली. “माझी आजी तुमच्यासारखंच बोलते. पुण्यात मी तसं बोलले की मुली हसायच्या. म्हणून बदललं.”

“इथं कोन हसनार न्हाय. बोल.”

पण सवय गेलेली होती. ती पुस्तकीच बोलत राहिली आणि त्याला त्याची सवय झाली.

आठवडाभर दोघं डेपोत हिंडले. निर्मला प्रत्येक वस्तूपाशी थांबून दोनच प्रश्न विचारायची. ही बिघडण्याची शक्यता किती? आणि बिघडलीच तर काय होईल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इंद्रदेव द्यायचा. जेट्टीकडचा पाइप लाटांचे शिंतोडे खातो, तो आधी गंजणार. पाइप ज्या सिमेंटच्या ओट्यांवर टेकलाय तिथे खाली पावसाचं पाणी राहतं. रबरी नळ्या उन्हाने कडक होतात. दुसऱ्या प्रश्नाकडे त्याने आजवर एवढं बारकाईने पाहिलं नव्हतं. ते निर्मला पाहायची. इथून गॅस सुटला तर उतार कुठे? वारा कुठला? जवळ माणसं किती, ठिणगी कुठे? एकदा ती मोरीशी उकिडवी बसली आणि गटारापर्यंत कागदाची होडी सोडून किती वेळात पोचते ते बघत राहिली. जयदेव लांबून हसत होता. इंद्रदेव हसला नाही. त्या मोरीतून काय वाहत गेलं असतं हे त्याला माहीत होतं.

मग एका सकाळी तिने पाटीवरचे सगळे बिल्ले काढून टेबलावर ठेवले.

“आता वेगळे लावू या,” ती म्हणाली. “ज्यांचा धोका मोठा ते दर महिन्याला. मधले सहा महिन्यांनी. आणि ज्यांच्यामुळे कुणाचं काही बिघडणार नाही ते दोन वर्षांतून एकदा.”

“दोन वर्सातून?”

“हो. काही तर फक्त बिघडल्यावर दुरुस्त करायचे.”

“बिगडायची वाट बगायची?”

“काका, तुमचे हात दोनच आहेत. पाण्याच्या पंपाचं तेल तुम्ही बदलत होतात तेव्हा ती झडप कुजत होती.”

हे तिने टोचून म्हटलं नव्हतं. पण इंद्रदेव बाहेर गेला आणि जेट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिचा हिशेब त्याला पटत होता. न पटणारी गोष्ट वेगळीच होती. मोठ्या धोक्याकडे जास्त बघायचं, हे कोणीही ऐकेल. पण त्यासाठी उरलेल्यांकडे जाणूनबुजून पाठ फिरवायची, आणि ती आपण, आपल्या हाताने बिल्ला खालच्या ओळीत लावून! उद्या त्यातलंच एखादं फुटलं तर कोणाला काय सांगायचं? आजवर तो सांगू शकत होता की मी सगळं पाहिलं होतं.

रिवालने निर्मलाचा आराखडा मान्य केला. बिल्ले नव्या ओळींत लागले. इंद्रदेवने ते स्वतः लावले, कारण दुसऱ्या कोणी लावलेले त्याला चालले नसते.

आणि मग तो जेवणाच्या सुट्टीत चोरून जुनी पाळी चालवायला लागला. डबा अर्धा खायचा, साबणाच्या पाण्याची बाटली खिशात टाकायची आणि खालच्या ओळीतल्या वस्तू बघत फिरायचं. संध्याकाळची बस चुकायला लागली. घरी आला की बोलायचा नाही. अनुसयाने काही दिवस पाहिलं आणि एका रविवारी दुपारी, तो आंब्याखाली बसून विळा परजत असताना, ती निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन समोर येऊन बसली.

“अवं, डब्यात भाजी परत येती. कामावर काय झालं?”

त्याने सांगितलं. अनुसयाला झडपा आणि पाइप यातलं काही कळत नव्हतं, पण ती निवडता निवडता ऐकत राहिली.

“म्हनजे त्या पोरीचं म्हननं चूक हाय?”

“चूक न्हाय. पन ज्यांच्याकडं बगायचं न्हाय त्यांचं काय? ती बी माझीच हायत की.”

अनुसयाने एक खडा उचलून बाजूला टाकला.

“गंगा ल्हान हुती तवा तिला दमा हुता. आठवतंय? मी तिच्या उशाशी बसायची. इंद्रानी पलीकडं घोरत पडायची. तिच्याकडं मी वळून बी बगत नव्हते. म्हून मी तिची आई न्हाय काय?”

इंद्रदेव विळा परजायचा थांबला.

“आनि तुमची आई,” अनुसया पुढे म्हणाली, “भाकरी सारखी द्यायची खरी. पन तुमचा धाकटा भाऊ तापात पडला तवा अर्ध्या घराचं दूध त्याला गेलं, हे तुमीच मला सांगितलंय. तुमी रुसला हुता?”

“न्हाय.”

“मग जेवा आता टायमाला.”

एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली. इंद्रदेवने विळा परजून संपवला आणि तोही आत गेला. सोमवारी त्याने साबणाची बाटली कपाटात ठेवली आणि डबा पूर्ण खाल्ला.

पण मनातली भीती एका दिवसात जात नाही. ती गेली ती एका नळामुळे. अंगणाच्या कोपऱ्यात बागेला पाणी घालायचा एक नळ होता आणि पाटीवर त्याचाही बिल्ला होता. आता तो सगळ्यात खालच्या ओळीत, ‘बिघडल्यावर’ या खिळ्यावर. पावसाळा संपता संपता तो नळ तुटला. पाणी उसळून माळ्याच्या ब्रेदच्या वाफ्यात शिरलं. ब्रेद म्हणजे पालेभाजी, माळी ती घरी न्यायला लावायचा. जयदेव धावत आला.

“फुटला, इंद्रदेवभाई. खालच्या ओळीतला फुटला.”

इंद्रदेव हातातलं काम टाकून उठला. तो धावत गेला आणि पाहतो तर माळी चिखलात उभा राहून आपली भाजी उपटून गोळा करतोय आणि रोझलीन फाटकातून बघत ती स्वस्तात मागतेय. कोणीतरी मुख्य पाणी बंद केलं. जयदेवने दुपारी नवा नळ बसवला. बस्स. दुसऱ्या दिवशी कोणाला त्याची आठवणही नव्हती.

इंद्रदेव मात्र त्या ओल्या जागेकडे पाहत राहिला. अकरा वर्षं तो दरवर्षी त्या नळाचं बूच काढून वायसर बघायचा, जेट्टीच्या पाइपाला जेवढा मान तेवढाच देऊन. आणि नळ फुटला तर झालं काय, तर रोझलीनच्या घरी त्या दिवशी ब्रेदची भाजी शिजली. काही गोष्टींना बिघडू द्यायला हरकत नाही, हे त्याला कोणी सांगून पटलं नसतं. तो स्वतःशीच हसला आणि संध्याकाळी निर्मलाला म्हणाला,

“बाय, कोरेक हाय तुझी पाटी. बराबर हाय.”

“आपली पाटी, काका.”

“बरं, आपली.”

आता वेळ हाताशी राहायला लागला, आणि तो वेळ कुठे घालायचा हे दोघांनाही माहीत होतं. रस्त्याखालून रंग कारखान्याकडे जाणारा पाइप. जुन्या पाळीत त्याची फक्त वर दिसणारी टोकं तपासली जायची, कारण बाकीचा जमिनीत. इंद्रदेव म्हणाला, साखर कारखान्यात त्याने पाहिलंय, पाइप सगळ्यात आधी गंजतो तो मातीतून वर येतो तिथे. वरचा भाग दिसतो, खालचा भाग सारखा ओला असतो, पण ती मधली वीतभर जागा कधी ओली कधी सुकी, आणि गंज तिथेच धरतो. निर्मला म्हणाली, आणि तिथेच रस्ता आहे, बसथांबा आहे, रोझलीन आहे. दोघांची उत्तरं जुळली. खणायचं ठरलं.

रिवाल कुरकुरला. रस्ता उकरायचा म्हणजे नगरपालिका, पोलीस, रंग कारखान्याशी बोलणी. निर्मलाने सगळीकडे खेटे घातले. इंद्रदेवने आणि जयदेवने कुदळी घेतल्या. पाइपावर डांबरी कापडाचं वेष्टण होतं. ते एका जागी फाटलेलं निघालं. इंद्रदेवने तारेच्या ब्रशने हलक्या हाताने माती आणि गंज काढला. खाली लोखंडात खळगे पडले होते, देवीचे व्रण असावेत तसे. निर्मलाने जाडी मोजायचं यंत्र लावलं आणि त्याच जागी दोनदा मोजलं. मग तिने यंत्र त्याच्याकडे दिलं. त्यानेही पाहिलं.

“किती टिकला असता?” त्याने विचारलं.

“सांगता येणार नाही. कदाचित आणखी काही वर्षं. कदाचित पुढच्या बोटीपर्यंत.”

रंग कारखाना वर्षअखेरीला सुट्टीसाठी बंद राहायचा. त्या दिवसांत लाइन रिकामी केली, तेवढा तुकडा कापून नवा जोडला, नवं वेष्टण गुंडाळलं आणि पाण्याने दाब देऊन तपासला. सगळं ठरवून, दिवसाउजेडी, घाईगर्दी न करता. फटफटीवरून जाणारा एक पोलीस थांबून म्हणाला, काय फुटलंय? जयदेव म्हणाला, काही नाही, म्हणून तर आज करतोय. इंद्रदेवला ते उत्तर इतकं आवडलं की त्याने ते घरी दोनदा सांगितलं.

त्याच सुमाराला अनुसयाने आपला विषय काढला. लॉंग माउंटनमध्ये बुतिकवाल्या दुकानदाराकडे, मास्तरांकडे, पलीकडच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांच्या घरी, सगळीकडे गॅस आला होता. गॅस डेपोत काम करणाऱ्या माणसाच्या घरी मात्र अजून घासलेटचा स्टोव्ह. शेजारणी हसायच्या. इंद्रदेव दर वेळी म्हणायचा, मला ठाऊक हाय तो काय चीज हाय, मी दिवसभर घरी नसतो, कोन बगनार?

या वेळी अनुसया म्हणाली, “दर म्हैन्याला काय काय बगायचं ते मला दाखवा. मी बगते. कढईत तेल किती तापलं ते मला कळतंय, तर साबनाचा फेस कळनार न्हाय?”

तो विचार करत बसला. सिलिंडर बाहेर, सावलीत, खड्ड्यात नाही आणि मोरीजवळही नाही. नळी भिंतीतून आत येणार, दरवर्षी नवी. शेगडीची बटणं, नळीची टोकं, बस. घरातल्या घासलेटच्या स्टोव्हने दोनदा पडदा पेटवला होता, हेही त्याला आठवलं. दोन प्रश्न त्याने मनातल्या मनात विचारले, आणि पुढच्या शनिवारी सिलिंडर घरी आला. अनुसयाने पहिल्या दिवशी गॅसवर चहा केला आणि चव वेगळी लागते का म्हणून सगळ्यांना विचारलं. गंगा म्हणाली, घासलेटचा वास गेला. आता मोठी झालेली गंगा स्वयंपाकघरात बसून अभ्यास करायला लागली. घासलेटच्या धुराने तिची छाती आधी भरून यायची, म्हणून ती तिकडे फिरकत नसे.

रविवारची भावाबहिणींकडची पाळीही हळूहळू सुटली. ठरवून नव्हे. थोरली बहीण देवकी विधवा झाली आणि एकटी पडली, तेव्हा इंद्रदेव ओळीने चार-पाच रविवार तिच्याकडेच गेला. बाकीच्यांपैकी कोणी काही म्हणेल असं त्याला वाटत होतं. धाकट्या भावाने फक्त एवढंच म्हटलं, “बरं झालं, भाई. तुमी आलात की ही दोन दिवस घर सारवत बसती.” आणि दोघंही हसले.

सत्त्याऐंशीपर्यंत डेपोत चौथी टाकी आली, सिलिंडर भरायचं नवं यंत्र आलं. पाटी जुनीच राहिली, पण बिल्ले जागा बदलत राहिले. दरवर्षी एकदा निर्मला आणि इंद्रदेव टेबलावर सगळे बिल्ले ओतायचे आणि पुन्हा तेच दोन प्रश्न. नवा तुकडा जोडल्यामुळे रस्त्याखालचा पाइप एक ओळ खाली आला. चौथी टाकी नवी असूनही वरच्या ओळीत गेली, कारण तिच्या पलीकडे आता वस्ती वाढली होती. कधी दोघांचं जमायचं नाही, तेव्हा जयदेवला बोलवायचं. जयदेव आता एकटा बोटीतला गॅस उतरवून घेण्याइतका तयार झाला होता, पण बोट आली की इंद्रदेव जेट्टीवर हजर असायचाच. रजा असली तरी.

त्या वर्षी निर्मलाचं लग्न ठरलं. सुरिनामला, तिच्या बापाच्या घरी, समुद्राच्या अंगाला असलेल्या अंगणात मांडव. तारीख ठरली आणि मग कळलं की बोटही त्याच दिवशी लागणार. इंद्रदेवने पाटीकडे पाहिलं, जेट्टीचा पाइप, नळ्या, झडपा, सगळे बिल्ले त्या महिन्यात उलटे झालेले होते. त्याने जयदेवला बोलावलं.

“परवा बोट तू उतरवून घे.”

“आणि तुम्ही?”

“मी लग्नाला.”

जयदेवने मान हलवली आणि नळ्या बघायला गेला.

महादू कुटुंब सकाळच्या बसने सुरिनामला निघालं. पोर्ट लुईला बस बदलायची होती. बंदराकडे बोटीची शिडं नसलेली काळी डोलकाठी दिसत होती. अनुसयाने एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “चला, दक्षिणेची बस लागली,” आणि इंद्राणीच्या हातातली आहेराची पिशवी घेऊन पुढे चालायला लागला.

मांडवात केळीच्या पानांवर वाढप चाललं होतं. डाळ, भोपळा, वांगं, कच्च्या फणसाची भाजी, पुऱ्या. निर्मलाचा बाप पंक्तीतून फिरत होता, इंद्रदेवला पाहून तो थांबला आणि म्हणाला, “पोरगी सारखी तुमचं नाव घेती. भटजीनं मंत्र म्हनायच्या आदी सुदीक काका आले काय म्हून इचारत हुती.”

“आलो की,” इंद्रदेव म्हणाला.

पलीकडे निर्मला हिरव्या चुड्यात बसली होती आणि आजीशी बोलत होती. तिचं ते बोलणं ऐकून इंद्रदेवला गंमत वाटली. आजीशी ती अगदी गावचं बोलत होती, एक शब्द पुस्तकातला नाही. वाढपी पुन्हा पुऱ्यांची परात घेऊन आला. इंद्रदेवने आधी नको म्हटलं, मग विचार बदलला आणि पान पुढे सरकवलं.

“दोन घाल,” तो म्हणाला. “आज मला कुठं जायचं न्हाय.”